जुन्या गोव्याच्या वेशी: आदिलशाही दरवाजा, विजरईची कमान आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने गोवे पाहायला येणारी मंडळी, शाळेचा प्रकल्प करणारी मुले आणि तिसवाडीतलेच रहिवासी यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. सगळ्यांत मोठा गोंधळ मांडवीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन दरवाजांचा आहे. दोन्हींना 'जुनी वेस' म्हणतात, पण त्यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे आणि राज्यकर्तेही वेगळे. घाई असेल तर निदान १, ३ आणि ९ हे प्रश्न वाचा.

१. जुन्या गोव्याची वेस म्हणून नेमके काय दाखवतात? तिथे तर दोन दरवाजे दिसतात.

दोन्ही खरे आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. सेंट कॅजिटन चर्चच्या आवारालगत काळ्या दगडाचे खांब आणि त्यांवर आडवी शिळा अशी एकटी चौकट उभी आहे. तो आदिलशाही वाड्याचा दरवाजा. मागे भिंत नाही, छप्पर नाही, म्हणून बरेच जण तिला ओलांडून पुढे निघून जातात. तिथून नदीकडे दोन-तीन मिनिटे चालले की रस्त्यावर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, उंच कमान लागते. ती विजरईची कमान, म्हणजे व्हाइसरॉय आर्च. पहिला दरवाजा वाड्याचा होता. दुसरी कमान नदीवरून शहरात शिरण्याची वेस होती.

२. तिथे जायचे कसे?

पणजीहून रायबंदरमार्गे सुमारे १० किलोमीटर. पणजीच्या बसस्थानकावरून जुन्या गोव्याच्या आणि फोंड्याच्या बस मिळतात, उतरायचे गांधी सर्कलला. तिथून बॉम जेझू बॅसिलिका एका हाताला आणि से कॅथेड्रल दुसऱ्या हाताला ठेवून नदीच्या दिशेने उतरत जा. आधी सेंट कॅजिटन येते, आवारालगत दरवाजा दिसतो, मग कमान आणि शेवटी दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का. उलट दिशेनेही पाहता येते, आणि आमच्या मते तेच जास्त बरे. दिवाडीहून बोटीने या, धक्क्यावर उतरा आणि कमानीखालून आत शिरा. सोळाव्या-सतराव्या शतकात शहरात येणारा माणूस याच वाटेने येत असे.

३. आदिलशाही दरवाजा किती जुना? त्याला मध्ययुगीन म्हणावे का?

म्हणावे. १४७० च्या दशकाच्या सुरुवातीला महमूद गवानने गोवा बहमनी राज्याला जोडला. बहमनी राज्य फुटल्यावर तो विजापूरच्या युसूफ आदिलशहाकडे आला. मांडवीकाठचे एला हे गाव याच काळात मोठे बंदर झाले, घोड्यांचा व्यापार इथून चाले. आदिलशाही वाडा त्या दिवसांतला, म्हणजे १५१० च्या आधीचा. भारतीय इतिहासाच्या नेहमीच्या कालखंडांत तो मध्ययुगात बसतो. विजरईची कमान मात्र सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटची आहे, तिला मध्ययुगीन म्हणू नये. शाळेच्या प्रकल्पांत ही चूक सर्रास आढळते.

४. एवढ्याशा चौकटीत बघण्यासारखे काय आहे?

बरेच काही आहे, पण जवळ जावे लागते. चौकट जोत्यावर उभी आहे, तेव्हा पायऱ्यांपाशी थांबा आणि आधी वर पाहा. इथे कमान नाहीच. दोन खांब, वर आडवी शिळा, बस्स. कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात. इथे सगळा भार आडवी शिळा पेलते आणि खांबांवर सोडते. ही देवळांची बांधणी आहे.

आता खांबांकडे वळा. काळा दगड असल्याने कडा अजून टोकदार आहेत. खांब एकसलग गुळगुळीत नाहीत, वर-खाली त्यांना घडीव पट्टे आहेत, आणि ही घडण दख्खन-कोकणातल्या देवळांच्या खांबांची आहे. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. दोन्ही बाजूंना दगडी जाळीचे तुकडे उरले आहेत, आणि जाळी हे सुलतानी इमारतींचे लेणे. सुलतानाचा वाडा, हात इथल्या पाथरवटांचे. हे एकत्र दिसते म्हणून ही चौकट आम्हाला शेजारच्या भव्य चर्चइतकीच मोलाची वाटते.

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कोरीवकाम उठून दिसते, भर दुपारी काळा दगड सपाट वाटतो.

५. वाडा गेला कुठे?

पोर्तुगिजांनी तो जिंकल्याबरोबर पाडला असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांनी तो तीनशे वर्षे जवळ ठेवला. आदिलशहाच्या नदीकाठच्या या वाड्याला ते 'किल्ल्याचा वाडा' म्हणत. १५५४ पासून १६९५ पर्यंत विजरई तिथे राहिले. पुढे साथींना कंटाळून विजरईंनी मुक्काम आधी पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला हलवला, आणि वाडा ओस पडला. १८२० मध्ये तो पाडला आणि त्याचे दगड पणजीतल्या बांधकामांना नेले. जुन्या गोव्यातल्या कितीतरी इमारतींचे असेच झाले. आज पणजीच्या जुन्या भिंतींत जो चिरा दिसतो, त्यातला काही याच शहरातून गेलेला आहे.

६. इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, कचेरी याच वाड्यात होती ना?

नाही. आदिलशहाचे इथे दोन वाडे होते आणि त्यांची सरमिसळ होते. नदीकाठचा वाडा प्रश्न ५ मधला. दुसरा शहराच्या आत, से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. त्याला साबायोचा वाडा म्हणत. १५१० नंतर पोर्तुगीज गव्हर्नर आधी याच आतल्या वाड्यात राहिले. १५५४ मध्ये आलेला विजरई पेद्रु माश्करेन्यश म्हातारा होता, तिथला जिना त्याला झेपेना, म्हणून तो नदीकाठच्या वाड्यात गेला. रिकामा झालेला साबायोचा वाडा १५६० मध्ये इन्क्विझिशनला मिळाला. ते मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. त्या इमारतीचे आज काहीही उभे नाही. सेंट कॅजिटनजवळच्या चौकटीपाशी उभे राहून 'इथे लोकांना कोंडत' असे सांगणारे चुकीच्या जागी बोट दाखवतात. ज्यांनी ते भोगले त्यांची आठवण तरी खऱ्या जागी व्हावी, म्हणून हा फरक आम्ही आग्रहाने सांगतो.

७. पणजीतही आदिलशहाचा वाडा आहे. मग तो कोणता?

तो तिसरा. मांडवीकाठी, जुने सचिवालय म्हणून सगळे ओळखतात तो. ती मूळ आदिलशाहीचीच नदीवरची गढी. १७५९ पासून विजरई तिथे राहू लागले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि पुढे पर्वरीला जाईपर्यंत गोव्याची विधानसभाही तिथेच भरे. जुन्या गोव्याच्या दरवाजाशी या इमारतीचा संबंध मालकापुरता.

८. विजरईची कमान कोणी आणि कधी बांधली? कुठे १५९७ लिहिलेले असते, कुठे १५९९.

विजरई फ्रान्सिस्कु द गामा याने. तो वास्को द गामाचा पणतू. त्याची पहिली कारकीर्द १५९७ ते १६०० आणि काम त्या काळातले आहे, म्हणून दोन्ही साले छापलेली आढळतात. 'फ्रान्सिस्कु द गामाच्या कारकिर्दीत, १५९७ ते १६००' असे लिहिले की चूक होत नाही. वास्को मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या शताब्दीचे हे स्मारक. आराखडा जुलियु सिमाव या स्थपतीचा.

नदीकडच्या तोंडाला हिरवट छटेचा दगड लावला आहे, बाकी अंग चिऱ्याचे. त्या बाजूला कोनाड्यात वास्कोचा पुतळा आहे आणि गामा घराण्याचे चिन्ह म्हणून हरीण कोरलेले आहे. कमानीखालून जाताना भिंतीवर एक शिलालेख लागतो. तो कमान बांधल्याचा नाही. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यातून सुटले आणि चौथा जुआंव राजा झाला, त्याची ती नोंद. कमान बांधली तेव्हा पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती, हे ध्यानात ठेवले की शिलालेख नंतर का बसवला ते कळते.

नवा विजरई लिस्बनहून आला की त्याचे स्वागत याच वेशीत होई आणि शहराच्या किल्ल्या इथे त्याच्या हाती देत. वेशीतून सरळ शहरात जाणारा रस्ता म्हणजे रुआ दिरैता, सोनार-सराफांचा आणि लिलावांचा.

९. आज दिसते ती कमान मूळची आहे का?

नाही, आणि हे पुष्कळ ठिकाणी सांगायचेच राहून जाते. विसाव्या शतकात कमान ढासळली आणि १९५४ मध्ये ती पूर्ण नव्याने उभारली. जागा तीच, घाटही तोच, पण आज तुम्ही पाहता ते बांधकाम १९५४ चे. 'चारशे वर्षे ऊनपाऊस झेलत उभी' असे लिहायचा मोह आवरा. आदिलशाही दरवाजाबद्दल तसे म्हणता येते, कमानीबद्दल नाही.

१०. वास्को द गामा या कमानीतून गोव्यात आला होता का?

शक्यच नाही. तो १५२४ मध्ये विजरई म्हणून गोव्यात आला खरा, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोचीत वारला. कमान त्यानंतर सत्तरेक वर्षांनी झाली. त्याच्या पुतळ्याचे नशीबही फिरले होते. पणतू इतका नावडता झाला की त्याची कारकीर्द संपताना लोकांनी पुतळा खाली ओढून फोडला. पुढे तो परत बसवला.

११. शहराच्या बाजूला तलवार घेतलेली बाई आणि तिच्या पायाखाली पडलेला माणूस आहे. ते कोण?

ती संत कॅथरिन. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, आफोन्सु द आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतला, म्हणून तिला शहराची पालक मानले. पायाखालचा पागोटेवाला म्हणजे हरलेला आदिलशहा, आणि त्याच्या रूपाने इथली जुनी सत्ता. युसूफ आदिलशहा तोवर वारला होता आणि गादीवर लहानगा इस्माईल होता, पण शिल्पकाराला माणूस दाखवायचा नव्हता, विजय दाखवायचा होता. हे शिल्प झाकावे किंवा काढावे असे आम्हाला वाटत नाही. पायाखाली कोणाला घातले ते मुलांना नीट समजावून सांगावे, एवढे मात्र जरूर वाटते.

१२. मग आल्बुकर्क कोणत्या वेशीतून शिरला?

ती वेस आता नाही, जागा मात्र खुणेची आहे. संत कॅथरिनचे छोटे चॅपेल, सेंट फ्रान्सिस असिसी चर्चच्या पश्चिमेला. विजयानंतर लगेच, १५१० मध्ये, ते उभारले. १५५० मध्ये ते वाढवताना गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने शिळा बसवली. आल्बुकर्क शिरला तो दरवाजा याच जागी होता, असे तिच्यावर कोरले आहे. सध्याचे चॅपेल १९५२ मध्ये नव्याने बांधलेले. विजरईच्या कमानीखाली 'आल्बुकर्क इथून आला' असे सांगणारे नव्वद वर्षे चुकतात.

१३. शहराला तटबंदी होती का? तिचे काही उरले आहे का?

होती. आदिलशाही शहर तट-खंदकाच्या आत होते. पोर्तुगीज काळात वस्ती तटाबाहेर फोफावली आणि संरक्षणाची खरी रेषा तिसवाडी बेटाच्या कडेला सरकली. बाणस्तारी, गवंडाळी, दावजे, आगशी, पणजी अशा उतारांच्या जागी चौक्या आणि छोटे किल्ले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी तिथेच होई. गवंडाळीला कुंभारजुव्याच्या खाडीकाठी या कामाचे अवशेष अजून दिसतात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर झाडीत काही सापडणार नाही. फेब्रुवारी-मार्च बरे.

१४. छत्रपती संभाजी महाराज या वेशीपर्यंत आले होते का?

वेशीच्या आत नाही, पण अगदी जवळ. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी रात्रीतून जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुने गोवे तिथून नदीच्या पलीकडे, नजरेच्या टप्प्यात. दुसऱ्या दिवशी विजरई कोंदि द आल्व्होर किल्ला परत घ्यायला स्वतः गेला, त्याच्या फौजेची दाणादाण उडाली आणि तो जखमी होऊन जेमतेम शहरात परतला. शहर इतके हवालदिल झाले की विजरईने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. त्याच सुमारास शहाआलमची मोगल फौज घाट उतरून कोकणात आल्यामुळे महाराजांना माघारी वळावे लागले. या धक्क्यानंतर राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट पोर्तुगिजांनी घातला, तो तडीस गेला नाही.

जुवे पाहायचे असेल तर नकाशात 'सांत इस्तेव्ह' शोधा.

१५. तिथला उंच पडका बुरूज वेशीचाच का?

नाही. तो सेंट ऑगस्टिन चर्चचा घंटामनोरा. चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले, धर्मसंघ बंद केल्यावर १८३५ मध्ये सोडून दिले, १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. त्यातली घंटा १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये बसवली आणि ती आजही वाजते. लढाईशी त्याचा संबंध नाही.

१६. फोंड्याच्या रस्त्याला लागून आणखी एक एकटी कमान आहे, ती?

सेंट पॉल कॉलेजची. १५५६ मध्ये आशियातला पहिला मुद्रणयंत्रावरचा छापखाना याच संस्थेत सुरू झाला. १५७० च्या साथीनंतर ती जागा ओस पडत गेली आणि एकोणिसाव्या शतकात इमारत पाडली. उरला तो दर्शनी दरवाजा, शहराची वेस नव्हे.

१७. हे दरवाजे जागतिक वारशात येतात का? शेजारी माझे घर आहे, दुरुस्ती करता येईल का?

युनेस्कोने १९८६ मध्ये गोव्यातली चर्च आणि मठ यादीत घेतले. त्यांत सात वास्तू आहेत, दरवाजे नाहीत. आदिलशाही दरवाजा मात्र केंद्राने संरक्षित केलेले स्मारक आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद. तिथल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण परवानगी घेऊनच. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे बांधायचे तरी परवानगी लागते. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात. बहुतेक अर्ज इथेच चुकतात. शिवाय जुन्या गोव्यात स्मारके जवळजवळ असल्याने एकाच घरावर दोन-तीन वर्तुळे पडतात, आणि सगळ्यांत कडक नियम लागू धरावा लागतो. पंचायतीचा दाखला मिळाला म्हणजे झाले असे समजू नका. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

१८. चिऱ्याच्या भिंती काळ्या पडतात, पोपडे सुटतात. सिमेंट का लावत नाहीत?

कारण सिमेंटनेच भिंत लवकर जाते. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो, पण भोके तशीच राहतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस. तो चिऱ्यात मुरतो आणि उन्हात बाहेर पडतो. चुन्याचा गिलावा हा ओलावा बाहेर जाऊ देतो. सिमेंट तो अडवते. मग पाणी गिलाव्याच्या मागे साचते, त्यातले क्षार दगडाच्या पृष्ठाखाली सुकतात आणि पापुद्रा उचलतात. वरून भिंत ठणठणीत दिसते, आत चिऱ्याची माती झालेली असते.

पूर्वी जुन्या गोव्यातल्या इमारती गिलावा करून चुन्याने रंगवलेल्या असत, तांबडा उघडा चिरा हे त्यांचे मूळ रूप नव्हे. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि तिच्या भिंती तेव्हापासून झिजत आहेत. आदिलशाही दरवाजाचा काळा दगड घट्ट असल्याने त्याला हा त्रास कमी. त्याला धोका सांध्यांत रुजणाऱ्या पिंपळाचा. असे रोप दिसले तर उपटू नका, मुळासकट सांधा निघतो. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याच्या गोवा मंडळाला कळवा. ते रोप कापून मूळ औषधाने मारतात.

१९. गोवा वेल्हा म्हणजेच जुने गोवे ना?

नव्हे. गोवा वेल्हा जुवारीच्या बाजूला, पणजी-मडगाव रस्त्यावर. तिथे कदंबांचे गोपकपट्टण होते. जुने गोवे मांडवीवर. नकाशात 'ओल्ड गोवा' टाका, 'गोवा वेल्हा' टाकलेत तर भलतीकडे जाल.

२०. फोटो, गर्दी, वेळ याबद्दल काही?

हातातल्या कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला अडचण नाही, तिपाईला खात्याची परवानगी लागते. खांबांवर चढू किंवा टेकू नका. कमानीखालून वाहने ये-जा करतात, तेव्हा मधोमध उभे राहून फोटो काढू नका, मुले बरोबर असतील तर विशेष जपा. सेंट झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या (सणाच्या) आगेमागे, नोव्हेंबरअखेरीस नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्यापासून, हा रस्ता तुडुंब असतो. त्या दिवसांत धक्क्याकडून येणेच सोयीचे. सेंट फ्रान्सिस चर्चला लागून असलेले पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. वीरगळ, सतीशिळा आणि विजरईंची चित्रे तिथे आहेत, म्हणून शक्यतो दुसरा वार धरा. दरवाजे आणि चॅपेल मिळून दीड तास पुरतो, संग्रहालयाचा एक तास वेगळा.